कुत्र्याला कॅन्सर निघालाय, उपचार कुठले आणि कुठपर्यंत?

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये कुत्र्यांच्या कॅन्सरबद्दलचे प्रश्न इतके आहेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. कोणाचीही नावं छापत नाहीये, कुत्र्यांची पण बदललीयेत. पहिल्या प्रश्नाला उत्तर जरा लांबलंय, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत खूप जणांनी विचारलाय.

प्रश्न: आमचा मोती लॅब (लॅब्रेडॉर) आहे, आठ वर्षांचा. पट्टा घालताना जबड्याखाली दोन गाठी हाताला लागल्या, आधी वाटलं दात दुखत असेल म्हणून सूज असेल, पण मग मागच्या पायाच्या गुडघ्यामागे पण तशाच लागल्या. डॉक्टरांनी सुईने तपासलं आणि लिम्फोमा निघाला. ते म्हणतात पाच-सहा महिने केमो करा, नसेल जमत तर नुसत्या स्टिरॉइडच्या गोळ्या द्या. डॉक्टर, माझ्या आईची केमो मी बघितलीये हो, ते सगळं या मुक्या जिवाला करायचं? आणि नाही केलं तर मी त्याला असंच सोडून दिलं असं होईल ना? तो आत्ता एकदम मजेत आहे, चेंडू घेऊन येतो, आणि मला रात्रभर झोप नाही.

ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, ती म्हणजे आईची केमो. माणसाला केमो देतात ती बहुतेक वेळा आजार मुळापासून काढायचा म्हणून, त्यासाठी शरीराला सोसेल तेवढा जास्तीत जास्त डोस देतात आणि मग केस जाणं, उलट्या, अंथरुणाला खिळणं हे सगळं येतं. कुत्र्यांमध्ये डोस मुद्दाम कमी ठेवतात कारण तिथे हेतू असतो की त्याचे दिवस चांगले जावेत. त्यामुळे बहुतेक कुत्र्यांना डोसनंतर एक-दोन दिवस खायला नको वाटणं, थोडी उलटी, पातळ शी, मरगळ एवढंच होतं आणि औषधांनी ते आवरतं पण. काहींना काहीच होत नाही. अॅडमिट करून सलाईन लावायची वेळ थोड्याच जणांवर येते, पण येते, हे पण सांगून ठेवते. लॅबचे केस सहसा जात नाहीत, फार तर मिशा गळतात, पूडलसारखे ज्यांचे केस सतत वाढतात त्यांचे मात्र जातात.

आता आजाराबद्दल. लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींपैकी लिम्फोसाइट या पेशींचा कॅन्सर, कुत्र्यांच्या कॅन्सरमध्ये केमोला सगळ्यात चांगली दाद देणाऱ्यांपैकी तो एक आहे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली पाच-सहा महिन्यांची केमो म्हणजे बहुधा चॉप, म्हणजे व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड) ही चार औषधं आलटून पालटून. शंभरातल्या ऐंशी ते नव्वद कुत्र्यांच्या गाठी याने विरघळतात, कित्येकदा पहिल्या एक-दोन आठवड्यातच हाताला लागेनाशा होतात आणि घरच्यांना वाटतं की झाला बरा. पण तो बरा झालेला नसतो, आजार दबलेला असतो आणि बहुतेकांमध्ये परत येतो. या पेशींचे बी आणि टी असे दोन प्रकार असतात, बी-सेल लिम्फोमा असेल तर चॉपने साधारण वर्षभर, टी-सेल असेल तर त्याहून कमी, सहा ते नऊ महिन्यांच्या आसपास. काहीच केलं नाही तर महिना-दीड महिना, नुसत्या प्रेडनिसोलोनवर साधारण एक ते दोन महिने, कधी थोडं जास्त. हे आकडे मधले आहेत हं, म्हणजे निम्मी कुत्री याहून जास्त जगतात आणि निम्मी कमी, तेव्हा कॅलेंडरवर खूण करून बसू नका.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारा, की बी आहे की टी, ते समजायला वेगळी टेस्ट लागते आणि सगळीकडे ती होतेच असं नाही, पण नमुना बाहेर पाठवता येतो का ते विचारून घ्या. छातीचा एक्सरे, पोटाची सोनोग्राफी, रक्त आणि लघवी हे पण बघून घ्यायला हवं, आजार कुठवर गेलाय आणि किडनी-लिव्हर औषध झेलतील का ते त्यातूनच कळतं. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होतो, तो डोसागणिक साठत जातो, म्हणून ते देणार असतील तर हृदय आधी तपासून घ्या. (ज्यांच्याकडे कोली किंवा त्या वंशाचं कुत्रं आहे त्यांनी एमडीआर-१ या जीनची टेस्ट केमोच्या आधी करून घ्यायची, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन नेहमीच्या डोसमध्ये झेपत नाही.)

आणि हे नीट वाचा, कारण यात वेळ महत्त्वाची आहे. केमो करायची की नाही हे ठरायच्या आत स्टिरॉइड सुरू करू नका. "तोपर्यंत गोळ्या तरी चालू करू" असं सगळ्यांनाच वाटतं, गाठी पण पटकन कमी होतात, पण काही दिवस-आठवडे नुसतं स्टिरॉइड गेलं की आजार औषधांना चिवट होतो आणि नंतरची केमो हवी तशी चालत नाही. सुरू केलं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, अचानक बंदही करू नका.

तुम्ही दोनच पर्याय लिहिलेत पण मधले पण आहेत. एकटं डॉक्सोरुबिसिन दर तीन आठवड्यांनी देतात, फेऱ्या कमी होतात, खर्च कमी होतो, मिळणारा काळ पण कमी असतो पण नुसत्या स्टिरॉइडपेक्षा पुष्कळ जास्त. आणि केमो सुरू केली म्हणजे शेवटपर्यंत ओढायचीच असं कुठेही लिहिलेलं नाही. मी तर घरच्यांना सांगते, पहिले तीन-चार डोस करून बघा, गाठी किती उतरल्या, तो कसा आहे, दवाखान्यात यायला किती घाबरतो, हे सगळं बघा आणि परत बसून ठरवा. काही कुत्री दवाखान्याच्या दारात शेपूट हलवत येतात आणि काही गाडीतच थरथरायला लागतात. असं थरथरणारं कुत्रं दर आठवड्याला आणायचं असेल तर ते मी उपचाराच्या तोट्यातच धरते.

केमो केली तर घरी काय लागेल तेही सांगते. डोसनंतर साधारण आठवडाभराने पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा ताप आला तर उद्या बघू म्हणायचं नाही. कुत्र्याचं नॉर्मल तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०३ च्या वर गेलं आणि तो मलूल असेल तर रात्र असली तरी फोन करा. डोसनंतरचे दोन-तीन दिवस त्याची शी, लघवी, उलटी उचलताना हातमोजे घाला, घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करायचं नाही. बाकी लाड करायला, जवळ घेऊन बसायला काही हरकत नाही. कच्चं मांस या काळात बंद. लघवी लाल दिसली किंवा सारखा थोडी थोडी करतोय असं वाटलं तर लगेच सांगा, सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला त्रास होऊ शकतो.

आणि समजा नाही करायची ठरवलं. ताई, स्टिरॉइडवर ठेवणं म्हणजे सोडून देणं नव्हे. तो पण एक उपचार आहे, त्याने बरं वाटतं, भूक लागते, गाठींचा गळ्यावरचा दाब कमी होतो. पाणी खूप पिणार, लघवीला सारखा जाणार, धापा टाकणार, खा खा करणार, घरात लघवी झाली तर ओरडू नका, ती गोळ्यांमुळे होते. स्टिरॉइड चालू असताना दुखण्याच्या दुसऱ्या गोळ्या, मेलोक्सिकॅम वगैरे, बिलकुल नको, पोटात अल्सर होऊन रक्त जातं. एवढं पाळून तुम्ही त्याला दोन चांगले महिने दिलेत तर त्यात कमीपणा कसला? खर्चाचा विचार मनात येतो म्हणून पण अपराधी वाटून घेऊ नका. ज्या घराला जे झेपतं तेच नीट आणि सलग करता येतं, अर्ध्यात पैसे संपून केमो तुटली की कुत्र्याचेच हाल होतात. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की आम्हाला एवढंच शक्य आहे, त्यात सगळ्यात चांगलं काय करता येईल. आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगते, हे तुमच्या खाऊ घालण्यामुळे झालेलं नाही. गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सर यांसारख्या काही जातींमध्ये हा जास्त दिसतो, वय हे एक कारण, आणि बाकी बऱ्याच वेळा एका कुत्र्यापुरतं कारण सापडतच नाही. मोतीला रिपोर्ट माहीत नाहीये. त्याला आत्ता चेंडू माहिती आहे आणि तुम्ही का रडताय ते त्याला कळत नाहीये. फेकत राहा चेंडू, दमला की थांबेल.

प्रश्न: रॉटवायलर, सात वर्षं, पुढचा उजवा पाय लंगडतोय, दीड महिना मुरगळला म्हणून गोळ्या दिल्या, आता एक्सरेमध्ये हाडाचा कॅन्सर दिसतोय म्हणाले. पाय कापायला सांगतायत. नवरा म्हणतो, तीन पायांवर जगण्यापेक्षा नको. मला काहीच सुचत नाहीये.

तुमच्या यजमानांना वाटतंय ते बहुतेक सगळ्यांना वाटतं, आणि ते प्रेमानेच वाटतं. पण एक गोष्ट त्यांना दाखवा, तो आत्ता पण तीनच पायांवर चालतोय. चौथा पाय फक्त दुखायला उरलाय.

ऑस्टिओसार्कोमाचं, म्हणजे या हाडाच्या कॅन्सरचं, दुखणं फार वाईट असतं. हाड आतून पोखरतं, आणि एखाद्या दिवशी साध्या उडीने मोडतं. कुत्री केकाटत नाहीत म्हणून आपल्याला कळत नाही. पाय टेकवणं टाळणं, रात्री जागा बदलत राहणं, विनाकारण धापा टाकणं, तो भाग सारखा चाटणं, हात लावू न देणं, ही सगळी दुखण्याचीच भाषा आहे. पाय काढतात तो मुख्यतः हे दुखणं काढायला. आजार मात्र त्याने थांबत नाही, कारण निदान होतं तेव्हाच दहातल्या नऊ कुत्र्यांमध्ये बारीक कण शरीरात पसरलेले असतात, छातीचा एक्सरे स्वच्छ असला तरी. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने मिळतात, त्यानंतर कार्बोप्लॅटिनसारखी केमो दिली तर दहा-बारा महिन्यांपर्यंत.

पुढच्या पायांवर कुत्र्याचं साठ टक्के वजन असतं त्यामुळे पुढचा पाय गेला की तोल सांभाळायला थोडा वेळ लागतो, पण ऑपरेशननंतर बरेच जण दुसऱ्या दिवशीच टॉवेलचा आधार देऊन उठतात. मी हे कितीदा बघितलंय, घरचे पडलेले चेहरे करून डोळ्यात पाणी आणून उभे असतात आणि कुत्रा त्यांना बघून नाक पुढे करून उठायचा प्रयत्न करत असतो, एकदा घसरतो, मग पुढचा उरलेला पाय आपोआप मध्यभागी आणून ठेवतो आणि चालायला लागतो, कोणी शिकवलेलं नसतं. फरशी गुळगुळीत असेल तर ठिकठिकाणी रबरी मॅट टाका, नखं कापलेली ठेवा, वजन वाढू देऊ नका.

पण सगळ्यांना हे ऑपरेशन सांगता येत नाही. बाकीचे सांधे, कंबर, पाठीचा कणा आधीच कामातून गेले असतील, किंवा छातीत आत्ताच गाठी दिसत असतील, तर मी पाय काढायला सांगणार नाही. म्हणून आधी छातीचे तीन बाजूंनी एक्सरे आणि बाकीच्या पायांची नीट तपासणी. नसेल करायचं तर दुखण्यासाठी मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन, त्यासोबत गॅबापेंटिन, हाड मजबूत राहावं म्हणून झोलेड्रोनेटसारखं इंजेक्शन, जिथे सोय आहे तिथे दुखणं कमी करायला रेडिएशन, हे सगळं आहे. मात्र गोळ्यांवर ठेवायचं ठरलं तर दुखणं गोळ्यांनी आवरेनासं झालं की थांबायचं, हे आजच दोघांनी मिळून ठरवून ठेवा. माणसांच्या आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका. काही कुत्र्यांचा जीव कॅन्सरआधी त्यांनीच जातो.

प्रश्न: हळद, कीटो आहार, साखर बंद, जडीबुटी, सगळे काही ना काही सांगतायत. काय देऊ?

कुत्र्याचा कॅन्सर बरा होतो असं यातल्या कशाबद्दलही सिद्ध झालेलं नाही. वजन टिकणं आणि तो आवडीने खाणं हे सगळ्यात मोठं, त्यामुळे केमो चालू असताना अचानक आहार बदलून पोट बिघडवू नका. काही द्यायचंच असेल तर डॉक्टरांना दाखवून द्या, कारण काही औषधी वनस्पती रक्त पातळ करतात, काही लिव्हरवर ताण आणतात, आणि मग उलटी झाली तर ती केमोने की त्या पुडीने हे कोणालाच कळत नाही.

प्रश्न: आमची राणी एके दिवशी अचानक कोसळली, हिरड्या पांढऱ्याफटक. प्लीहेची गाठ फुटली होती, ऑपरेशन करून काढली, रिपोर्ट हिमँजिओसार्कोमा. आता बरी आहे पण हे परत होणार म्हणतात. माझा मुलगा म्हणतो शेवटपर्यंत लढायचं, आई म्हणते तिला आता झोपवा, हाल नकोत. मधल्या मध्ये मी. कधी ठरवायचं हे?

दोघांचंही ऐकून घ्या पण आज दोघांपैकी कोणाचंच करू नका. राणी आज बरी आहे, आज झोपवायचं कारण नाही. आणि हिमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कॅन्सर, हा आजार लढून जिंकण्यातला पण नाही, नुसत्या ऑपरेशनने एक ते तीन महिने, डॉक्सोरुबिसिन दिलं तर साधारण चार ते सहा, हे मुलाला स्पष्ट सांगा, तो मोठा असो की लहान.

या आजारात अडचण अशी की हळूहळू खालावत नाही, सकाळी फिरून आलेलं कुत्रं संध्याकाळी पोटात रक्तस्राव होऊन कोसळतं. त्यामुळे तुमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या हव्यात. एक, परत कोसळली तर काय करायचं, परत ऑपरेशन, की तिथेच शांतपणे निरोप. हे रात्री दोन वाजता दवाखान्याच्या बाकावर ठरवायला लावू नका कोणालाच. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, गाडी कोण काढणार, तेही ठरवा. दुसरं, रोज सकाळी तिचा ओठ वर करून हिरडी बघायची सवय लावा, गुलाबी आहे का, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदात रंग परत येतो का. झोपेत असताना श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या आत हवेत. हिरड्या फिक्या, पोट फुगलेलं, उभं राहता येत नाही, असं दिसलं की निघायचं.

बाकीच्या दिवसांसाठी डॉक्टर अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली एक मोजणी आहे, जगभर वापरतात. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना दहापैकी मार्क द्यायचे, बेरीज पस्तीसच्या वर असेल तर ठीक चाललंय असं समजतात. तुमच्या घरासाठी मी सांगेन की तिघांनी वेगवेगळं लिहा, एकमेकांना न दाखवता, आठवड्यातून दोनदा, मग एकत्र बसून कागद शेजारी ठेवा. बऱ्याचदा मुलाच्या आणि आजीच्या मार्कांत वाटतं तेवढं अंतर नसतं, भांडण शब्दांवरच चाललेलं असतं. सोबत राणीच्या आवडीच्या चार-पाच गोष्टी लिहून ठेवा, दारात येऊन थांबणं, अमुक एका जागी उन्हात पडणं, जे काही असेल ते. त्यातल्या बहुतेक सुटल्या की डॉक्टरांना फोन करा.

झोपवणं म्हणजे नक्की काय होतं हे आईंना आणि मुलाला दोघांनाही आधी माहीत असू दे. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, ती झोपते, मग शिरेतून भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस, मिनिट-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसू शकते, लघवी होऊ शकते, तेव्हा तिला काही जाणवत नसतं. गुंगी आधी देणार ना हे डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि जवळ थांबायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. घरात लहान मूल असेल तर "झोपवलं" असं सांगू नका, मुलं नंतर स्वतः झोपायला घाबरतात. ती मेली, शरीर खूप आजारी होतं, डॉक्टरांनी दुखू न देता मरायला मदत केली, असं साध्या शब्दांत सांगा, मुलं ते समजून घेतात.

प्रश्न: कॅन्सर झालेल्या कुत्र्यापासून घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला किंवा आम्हाला होतो का?

नाही होत, एकत्र जेवू-झोपू द्या. याला एकच अपवाद आणि तो फक्त कुत्र्या-कुत्र्यांमधला, टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरिअल ट्यूमर). त्यात कॅन्सरच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात, मुख्यतः समागमातून, कधी चाटण्या-हुंगण्यातून नाकातोंडाला पण होतो. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी लाल गाठ, तिथून थेंब थेंब रक्त येत राहतं, लोकांना वाटतं माजावर आलीये. मोकळ्या फिरणाऱ्या, नसबंदी न झालेल्या कुत्र्यांमध्ये हा भरपूर दिसतो आणि गाठ बघून लोक आशा सोडतात, पण हाच सगळ्यात सहज बरा होणारा आहे. आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिन, साधारण चार ते सहा डोस, की बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात. तुमच्या आसपासच्या एखाद्या कुत्र्याला असं रक्त येताना दिसलं तर त्याला उचलून दवाखान्यात न्या, आणि गाठ दिसेनाशी झाली तरी डॉक्टर सांगतील तितके डोस पूर्ण करा, मग नसबंदी करून घ्या.